पदवीच्या अभ्यासक्रमातला संख्या सिद्धांत : मसाविपासून पुढची वाट

पदवीच्या वर्गात संख्या सिद्धांताचा विषय सुरू होतो तेव्हा पहिले काही तास तो बहुतेकांना सोपा वाटतो. विभाज्यता, मूळ संख्या, मसावि, लसावि हे सगळे शब्द शाळेपासून ओळखीचे असतात, उदाहरणांतल्या संख्या लहान असतात आणि कलनशास्त्रासारखी नवी चिन्हेही फारशी नसतात. अडचण येते ती काँग्रुअन्सच्या, म्हणजे सारख्या बाकीच्या हिशेबाच्या, प्रकरणात. तोवर वहीत दहाबारा प्रमेये साठलेली असतात, पण त्यांतले कोणते कोठे वापरायचे हे सुचत नाही, आणि मग परीक्षेच्या आधी सिद्धतांची घोकंपट्टी सुरू होते. शाळेत मसावि काढायला शिकवलेले असते. इथे प्रश्न असतो तो मसाविबद्दल काय सिद्ध करता येते हा, आणि हा फरक वेळीच लक्षात न आल्याने पुढचे सगळे बिघडते.

या लेखातील सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच मत आहे. प्रारंभिक संख्या सिद्धांताचा निम्म्याहून अधिक भाग एका विधानातून निघतो: अ आणि ब या दोन पूर्णांकांचा (दोन्ही एकाच वेळी शून्य नसतील तर) मसावि अक्ष + बय या रूपात लिहिता येतो, जिथे क्ष आणि य हेही पूर्णांक आहेत. पाठ्यपुस्तकांत हे विधान बेझूच्या नावाने येते. ते हाताने चालवता येणे, सिद्ध करता येणे आणि प्रत्येक नव्या प्रमेयात ओळखता येणे, या तीन गोष्टी जमल्या की उरलेला अभ्यासक्रम एका सूत्रात बसतो. म्हणून वेळेचा मोठा वाटा याच ठिकाणी खर्च करावा, असे माझे स्पष्ट सांगणे आहे.

पहिली पायरी : बाकी

भागाकाराचे प्रमेय म्हणते की अ हा कोणताही पूर्णांक आणि ब हा धन पूर्णांक असेल, तर अ = बक + र असे एकाच प्रकारे लिहिता येते, आणि र ही बाकी ० पासून ब − १ पर्यंतच असते. हे वाचून पुढे जाण्याचा मोह होतो, कारण इयत्ता चौथीपासून आपण हेच करत आलो आहोत. परंतु −१७ ला ५ ने भागल्यास बाकी किती, असे विचारले की वर्गातली अर्धी उत्तरे −२ अशी येतात. बाकी ऋण असू शकत नाही, म्हणून −१७ = ५ × (−४) + ३ असे लिहावे लागते आणि बाकी ३ ठरते. सी भाषेत हाच भागाकार केला तर संगणक −२ हे उत्तर देतो आणि पायथनमध्ये ३. ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांनी हे स्वतः तपासून पाहावे, कारण पुढे प्रोग्राम लिहिताना याच ठिकाणी चुका होतात.

ऋण संख्यांची अशी दहापंधरा उदाहरणे सोडवून झाल्यावर या प्रमेयाची सिद्धता वाचावी. तिच्यात धन पूर्णांकांच्या कोणत्याही अरिक्त संचात सर्वांत लहान घटक असतोच, हे तत्त्व वापरलेले असते. वरवर पाहता ते इतके उघड आहे की त्याला तत्त्व कशाला म्हणायचे असे वाटते. पण धन अपूर्णांकांच्या संचाला ते लागू पडत नाही, आणि गणिती विगमनाची पद्धतही शेवटी याच तत्त्वाचे दुसरे रूप आहे. विगमनाने सिद्धता लिहिण्याचा सराव नसेल, तर तो याच टप्प्यावर करून घ्यावा. त्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही; अकरावीच्या पुस्तकातील उदाहरणे पुरेशी आहेत.

दुसरी पायरी : मसावि, आणि इथला लांबलेला मुक्काम

युक्लिडची रीत, म्हणजे मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे, मग भाजकाला बाकीने भागायचे आणि बाकी शून्य होईपर्यंत हेच करत राहायचे, ही शाळेतही येऊन गेलेली असते. पदवीला तिच्या उलट दिशेच्या प्रवासाला महत्त्व आहे. कुट्टक या नावाने ओळखली जाणारी ही रीत आपल्याकडे आर्यभटांच्या इ.स. ४९९ च्या ग्रंथापासून आढळते आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्या प्रकरणातील एक उदाहरण आजही वहीत पहिले म्हणून घ्यावे असे आहे: २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल?

कागद घेऊन हे पूर्ण करावे. आजच्या चिन्हांत आपल्याला २२१क्ष + ६५ = १९५य हे समीकरण पूर्णांकांत सोडवायचे आहे. आधी भागाकार:

२२१ = १ × १९५ + २६
१९५ = ७ × २६ + १३
२६ = २ × १३ + ०

मसावि १३ आला, आणि १३ ने ६५ ला भाग जातो, म्हणून उत्तर आहे. भाग गेला नसता तर इथेच थांबायचे होते. आता खालून वर यायचे. दुसऱ्या ओळीवरून १३ = १९५ − ७ × २६, आणि पहिल्या ओळीवरून २६ = २२१ − १९५. ते आत घातले की १३ = १९५ − ७ × (२२१ − १९५) = ८ × १९५ − ७ × २२१. ताळा करून पाहावा: १५६० − १५४७ = १३. दोन्ही बाजूंना ५ ने गुणले की ६५ = ४० × १९५ − ३५ × २२१, म्हणजे २२१ × ३५ + ६५ = १९५ × ४०. एक उत्तर मिळाले: क्ष = ३५, य = ४०.

इथे पुष्कळ विद्यार्थी थांबतात आणि निम्मे गुण गमावतात, कारण सर्व उत्तरे विचारलेली असतात. मूळ समीकरणाला १३ ने भागले तर १७क्ष + ५ = १५य उरते, आणि १७ व १५ सहमूळ (म्हणजे मसावि १ असलेल्या) असल्यामुळे क्ष मध्ये १५ च्या पटीचा आणि य मध्ये १७ च्या पटीचा एकाच वेळी बदल करता येतो, दुसरा कोणताही नाही. म्हणून क्ष = ३५ + १५ट, य = ४० + १७ट. ट = −२ घेतल्यास क्ष = ५, य = ६ हे सर्वांत लहान धन उत्तर मिळते, आणि २२१ × ५ + ६५ = ११७० = १९५ × ६ हा त्याचा पडताळा. लीलावतीची रीत १३ ने अपवर्तन करूनच सुरुवात करते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. आधी संक्षेप केला असता तर आपलेही आकडे लहान राहिले असते. (भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. खानदेशातील विद्यार्थ्यांनी तो एकदा पाहून यावा.)

अशी उदाहरणे निदान वीस तरी सोडवावीत, आणि प्रत्येकाचा ताळा लिहूनच पुढे जावे. उलट प्रवासात चिन्हांची चूक सहज होते आणि ताळ्याशिवाय ती सापडत नाही. काही शिक्षक क्ष आणि य चे रकाने शेजारी मांडून वरून खालीच जाण्याची रीत शिकवतात. ती अधिक सुटसुटीत आहे, पण पहिली दहा उदाहरणे लांबच्या रीतीनेच करावीत, म्हणजे रकान्यांत नेमके काय चालले आहे ते कळते.

हात बसल्यावर सिद्धतेकडे वळावे. अक्ष + बय या रूपात लिहिता येणाऱ्या सर्व धन संख्यांचा संच घेतला, तर त्यात सर्वांत लहान अशी एक संख्या असणार. तिला द म्हणू. आता अ ला द ने भागले तर अ = दक + र, म्हणजे र = अ − दक. द स्वतः अ आणि ब च्या पटींची बेरीज असल्यामुळे र सुद्धा त्याच रूपाची आहे. र ही द पेक्षा लहान आहे, मग ती धन असेल तर द ही सर्वांत लहान ठरत नाही; म्हणून र शून्यच असली पाहिजे आणि द ने अ ला निःशेष भाग गेला पाहिजे. ब साठीही हेच. शिवाय अ आणि ब चा जो कोणी सामाईक विभाजक असेल तो अक्ष + बय ला, म्हणजे द ला, भागतो. म्हणून द च महत्तम. जेमतेम सात ओळींची ही सिद्धता आहे, पण तिच्यातली ‘सर्वांत लहान घ्या, भागा, बाकी आणखी लहान निघते, म्हणून ती शून्य’ ही युक्ती बीजगणितातही पुन्हा पुन्हा भेटते. ती पाठ करू नये. पुस्तक मिटून दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर उभी करून पाहावी.

तिसरी पायरी : त्या एका विधानातून काय निघते

आता पहिले फळ. प ही मूळ संख्या अब या गुणाकाराला भागत असेल आणि अ ला भागत नसेल, तर ती ब ला भागते. हे खरे का? प आणि अ सहमूळ आहेत, म्हणून १ = अक्ष + पय. दोन्ही बाजूंना ब ने गुणा: ब = अबक्ष + पबय. उजवीकडच्या दोन्ही पदांना प ने भाग जातो, म्हणून ब लाही जातो. सिद्धता एका ओळीची, पण तिच्यात ‘प मूळ आहे’ हे गृहीतक नेमके कोठे वापरले, ते बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. ते काढून टाकल्यास विधान खोटे ठरते: ६ ने ४ × ९ ला भाग जातो, पण ४ ला जात नाही आणि ९ लाही जात नाही. प्रत्येक प्रमेयाच्या बाबतीत हा खेळ खेळावा, म्हणजे एकेक गृहीतक काढून प्रतिउदाहरण शोधावे. प्रमेय लक्षात ठेवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

यातूनच प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकमेव असतात हे प्रमेय निघते. विद्यार्थ्यांना त्याची सिद्धता अनावश्यक वाटते, कारण ६० = २ × २ × ३ × ५ याहून वेगळे काही निघणे शक्यच नाही असे लहानपणापासून मनात बसलेले असते. त्यांनी क्षणभर फक्त सम संख्याच अस्तित्वात आहेत असे समजावे. त्या जगात दोन सम संख्यांचा गुणाकार म्हणून जी लिहिता येत नाही तिला मूळ म्हणावे; तेव्हा २, ६, १०, १४, १८, २२, २६, ३० या मूळ ठरतात. आता ६० = २ × ३० आणि ६० = ६ × १०. अवयव एकमेव राहिले नाहीत. म्हणजे एकमेवता ही फुकट मिळालेली नाही, ती मसाविच्या विधानाने मिळवून दिलेली आहे.

मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता या टप्प्यावर येते आणि परीक्षेत ती बहुधा चुकीची लिहिली जाते. मूळ संख्यांचा गुणाकार अधिक एक ही संख्या मूळच असते, असे सिद्धता म्हणत नाही. तिचा एखादा मूळ अवयव यादीबाहेरचा असतो, एवढेच ती म्हणते. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१ = ५९ × ५०९ हे उदाहरण वहीत लिहून ठेवावे. त्याच पानावर न² + न + ४१ हेही लिहावे: न = ० पासून ३९ पर्यंत या राशीची किंमत प्रत्येक वेळी मूळ येते आणि न = ४० ला ती ४१ × ४१ होते. चाळीस वेळा खरे ठरलेले विधान एकेचाळिसाव्या वेळी कोसळू शकते, हे डोळ्यांसमोर असले की ‘अशा प्रकारे सर्व न साठी’ असे वाक्य हातून सहज लिहिले जात नाही.

चौथी पायरी : काँग्रुअन्स

गाऊसने १८०१ च्या ग्रंथात ≡ हे चिन्ह वापरात आणले. अ ≡ ब (मॉड म) याचा अर्थ म ने अ − ब ला निःशेष भाग जातो, म्हणजेच दोघांना म ने भागल्यावर सारखी बाकी उरते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि घात हे सगळे बरोबरीच्या चिन्हासारखेच चालतात, म्हणून भागाकारही चालेल असे वाटते; आणि तिथे घात होतो. ६ × ४ ≡ ६ × ९ (मॉड १०) हे खरे आहे, कारण २४ आणि ५४ या दोहोंचा शेवटचा अंक ४ आहे. पण दोन्हीकडचा ६ काढून टाकला तर ४ ≡ ९ (मॉड १०) उरते, जे खोटे आहे. नियम असा की अवयव काढताना मॉडही भागावा लागतो, आणि तो त्या अवयवाच्या व मॉडच्या मसाविने: ६ आणि १० चा मसावि २, म्हणून ४ ≡ ९ (मॉड ५) हे मात्र खरे. काढायचा अवयव मॉडशी सहमूळ असेल तर काहीच बिघडत नाही. या एका चुकीमुळे जितके गुण जातात तितके बहुधा दुसऱ्या कोणत्याही चुकीमुळे जात नसावेत.

भागाकाराची जागा इथे गुणाकार व्यस्त घेतो आणि तो काढणे म्हणजे पुन्हा मसाविचीच रीत. १७क्ष ≡ १ (मॉड ४३) सोडवायचे असेल तर ४३ = २ × १७ + ९, १७ = ९ + ८, ९ = ८ + १ असे उतरून परत चढावे; १ = २ × ४३ − ५ × १७ मिळते, म्हणून १७ चा व्यस्त −५, म्हणजेच ३८. ताळा: १७ × ३८ = ६४६ = १५ × ४३ + १. अनेक समशेष अटी (म्हणजे ठरावीक बाकी उरण्याच्या अटी) एकाच वेळी पाळणारी संख्या काढण्याचे प्रमेय चिनी नावाने ओळखले जाते, पण तसली उदाहरणे आपल्याकडेही जुनी आहेत. आर्यभटीयावर सातव्या शतकात भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्करांचे एक असे: ८ ने भागल्यास ५, ९ ने भागल्यास ४ आणि ७ ने भागल्यास १ उरेल अशी संख्या कोणती? सूत्रात आकडे भरण्याआधी ते पायरीपायरीने सोडवावे. संख्या ८क + ५ या रूपाची. ती ९ च्या बाबतीत ४ हवी, तर ८क ≡ −१, म्हणजे क ≡ १ (मॉड ९). म्हणून संख्या ७२ख + १३. आता ७ ची अट २ख + ६ ≡ १ अशी होते आणि ख ≡ १ मिळतो. उत्तर ८५, आणि त्यात ५०४ च्या पटी मिळवत गेल्यास बाकीची सगळी उत्तरे.

पाचवी पायरी : कोष्टके मांडून फर्मापर्यंत

फर्माचे छोटे प्रमेय वाचण्याआधी एक दुपार कोष्टकांसाठी ठेवावी. मॉड ७ आणि मॉड १२ यांची गुणाकाराची कोष्टके हाताने मांडावीत. मॉड ७ मध्ये ३ ची ओळ ३, ६, २, ५, १, ४ अशी येते, म्हणजे १ ते ६ हेच अंक, फक्त क्रम बदललेला. मॉड १२ मध्ये हे १, ५, ७ आणि ११ यांच्या ओळींतच घडते. ४ च्या ओळीत ४, ८, ० यांचीच आवर्तने येतात. हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की प्रमेयाची सिद्धता जवळपास हातात येते. ३, २ × ३, … ६ × ३ यांचा गुणाकार आणि १ ते ६ यांचा गुणाकार मॉड ७ सारखाच, म्हणून ३^६ × ६! ≡ ६! (मॉड ७), ६! हा ७ शी सहमूळ असल्याने तो काढता येतो आणि ३^६ ≡ १ उरते. ७ च्या जागी प आणि ३ च्या जागी प ने भाग न जाणारी कोणतीही संख्या अ ठेवली की फर्माने १६४० साली एका पत्रात सिद्धतेशिवाय मांडलेले प्रमेय तयार. ऑयलरच्या व्यापक प्रमेयासाठी सगळ्या संख्यांऐवजी मॉडशी सहमूळ असलेल्याच घ्यायच्या, एवढाच फरक.

व्यत्यास खरा नाही, हेही लगेच हाताने पाहावे. २^१० = १०२४ = ३ × ३४१ + १, म्हणून २^१० ≡ १ (मॉड ३४१) आणि अर्थातच २^३४० ≡ १ (मॉड ३४१); पण ३४१ = ११ × ३१. काही संयुक्त संख्या तर त्यांच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायासाठी फर्माची कसोटी पार करतात. त्यांतली सर्वांत लहान ५६१ आहे, आणि रामानुजनांमुळे सर्वांना ठाऊक असलेली १७२९ ही देखील त्यांतलीच: १७२९ = ७ × १३ × १९, आणि १७२८ ला ६, १२ व १८ या तिन्हींनी भाग जातो. एवढ्यावरून ती कसोटी कशी पार होते, हे स्वतः लिहून काढणे हा उत्तम सराव आहे.

३^१०० चे शेवटचे दोन अंक कोणते, या प्रकारचे प्रश्न सोडवताना ऑयलरचे प्रमेय ४० हा घात सुचवते (१०० पर्यंतच्या, १०० शी सहमूळ अशा संख्या ४० आहेत), पण ३^२० = ३४८६७८४४०१ असल्यामुळे २० व्या घातालाच १ येऊन जातो आणि उत्तर ०१. प्रमेयाने दिलेला घात पुरेसा असतो, सर्वांत लहान असेलच असे नाही. प्रिमिटिव्ह रूटचे, म्हणजे ज्यांना ऑयलरचा पूर्ण घात लागतोच अशा संख्यांचे, प्रकरण याच फटीतून सुरू होते. विभाजकांची संख्या, विभाजकांची बेरीज, फाय फंक्शन (न पर्यंतच्या, न शी सहमूळ अशा संख्या किती) यांचे प्रकरण मात्र फार वेळ न घालवता उरकावे. तिथे सूत्रे गुणाकारावर चालतात एवढे समजले की उरतो तो आकडेमोडीचा सराव.

सहावी पायरी : कोणत्या मॉडने पाहावे

पुस्तकातील उदाहरणे प्रकरणानुसार लावलेली असतात, त्यामुळे रीत आधीच ठाऊक असते. परीक्षेत, आणि माधव गणित स्पर्धेसारख्या स्पर्धांत अधिकच, रीत आपल्याला निवडावी लागते. त्यासाठी एक सवय उपयोगी पडते. समीकरणात वर्ग असतील तर आधी मॉड ४ आणि मॉड ८, घन असतील तर मॉड ९ आणि मॉड ७, चौथे घात असतील तर मॉड १६ करून पाहावे, कारण तिथे शक्य बाक्या फार थोड्या उरतात. १००७ ही दोन वर्गांची बेरीज आहे का? मॉड ४ वर्गाची बाकी ० किंवा १, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २. १००७ ची बाकी ३. नाही. १००३ ही तीन पूर्णांकांच्या घनांची बेरीज असू शकते का? मॉड ९ घनाची बाकी ०, १ किंवा −१, तिघांची बेरीज −३ ते ३ मध्ये; १००३ ची बाकी ४. पुन्हा नाही, आणि इथे तर ऋण घन घेण्याची मुभा असूनही नाही. उलट दिशेने मात्र सावध असावे: बाकी जुळली म्हणून उत्तर असतेच असे नाही. २१ ची मॉड ४ बाकी १ आहे, तरीही ती दोन वर्गांची बेरीज नाही.

वर्गांच्या बाक्यांचे शेवटचे मोठे प्रकरण, क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटी (एक मूळ संख्या दुसरीच्या मॉडने वर्ग आहे का, हे उलट प्रश्नावरून ठरवणारा नियम), पुष्कळजण चिन्हे हलवण्याचे यांत्रिक काम म्हणून शिकतात. तसे करण्याआधी ७, ११, १३, १७ आणि १९ यांच्यासाठी कोणत्या बाक्या वर्ग म्हणून येतात त्याच्या याद्या कराव्यात. ७ साठी १, २, ४. ११ साठी १, ३, ४, ५, ९. १३ साठी १, ३, ४, ९, १०, १२. −१ हा १३ च्या यादीत १२ म्हणून आहे, ७ आणि ११ च्या यादीत नाही. याचे कारण मॉड ४ बाकीत आहे, हे दोनतीन याद्यांनंतर आपोआप सुचते. नियम शिकल्यावर २९ हा मॉड ५३ वर्ग आहे का, असा प्रश्न घ्यावा. २९ ची मॉड ४ बाकी १, म्हणून प्रश्न उलटा करून ५३ हा, म्हणजे २४ हा, मॉड २९ वर्ग आहे का असे विचारता येते; २४ = २ × २ × २ × ३; मॉड २९ मध्ये २ वर्ग नाही आणि ३ ही नाही, म्हणजे वर्ग नसलेल्या प्रत्येक अवयवामागे एक असे एकूण चार वेळा उणे चिन्ह, म्हणून उत्तर होय. नियम वर्ग आहे एवढेच सांगतो, कोणाचा ते सांगत नाही. ते शोधायला २९ मध्ये ५३ मिळवत जावे: ८२, १३५, १८८, २४१, २९४, ३४७, ४००. सातव्या वेळी २० चा वर्ग सापडतो.

संगणक कधी घ्यावा

प्रत्येक रीत हाताने पक्की झाल्यानंतर, त्याआधी नाही. पायथनमध्ये युक्लिडची विस्तारित रीत दहा ओळींत लिहिता येते आणि ती स्वतः लिहावी. तयार फंक्शन वापरणे पुढचे. संख्या सिद्धांतासाठीच बनवलेले पारी-जीपी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात मोठ्या संख्यांचे अवयव, घात आणि मॉडचे हिशेब सहज होतात. त्याचा खरा उपयोग अंदाज बांधण्यासाठी करावा. उदाहरणार्थ, १००० पर्यंतच्या कोणत्या मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात येतात त्याची यादी छापून घ्यावी, तिच्यावरून विधान स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि मगच पुस्तकातील प्रमेय उघडावे.

वेळेची वाटणी

शिकवण्याचे बारा आठवडे धरले, तर पहिला भागाकार आणि विगमनाला, पुढचे तीन मसावि, कुट्टकाची उदाहरणे आणि एकमेव अवयवांना, तीन काँग्रुअन्स व समशेष अटींना, दोन फर्मा, ऑयलर आणि विल्सन यांच्या प्रमेयांना, एक फंक्शन्सना आणि शेवटचे दोन प्रिमिटिव्ह रूट व वर्गांच्या बाक्यांना द्यावेत. महाविद्यालयाचा वेग वेगळा असेल तर मसाविचे तीन आठवडे कमी न करता कात्री शेवटी लावावी. रोज एक तास पुरतो, पण त्यातली वीस मिनिटे आदल्या दिवशीची सिद्धता न पाहता लिहिण्यात जावीत. दोघातिघांचा गट असेल तर एकाने फळ्यावर सिद्धता मांडावी आणि इतरांनी प्रत्येक ओळीला ‘हे कशावरून?’ एवढेच विचारावे. अडलेल्या गणिताचे उत्तर लगेच पाहू नये; मात्र लहान आकडे घालून पाहिले, प्रतिउदाहरण शोधले आणि तरीही दोन दिवसांत धागा सापडला नाही, तर उत्तराच्या फक्त पहिल्या दोन ओळी वाचून पुस्तक पुन्हा मिटावे.

अभ्यासक्रम संपल्यावर ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी क्ष² − नय² = १ या समीकरणाकडे जावे. न = ६१ साठीचे उत्तर भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात चक्रवाल पद्धतीने काढले आहे; सर्वांत लहान धन उत्तर क्ष = १७६६३१९०४९, य = २२६१५३९८० इतके मोठे आहे, आणि फर्माने १६५७ मध्ये याच ६१ चे आव्हान युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवले होते. पण सुरुवात ६१ ने करू नये. आधी २, ३, ५, ६, ७ यांची उत्तरे चाचपडून काढावीत, मग चक्रवालाच्या पायऱ्या शिकून १३ घ्यावा; तिथे ६४९² − १३ × १८०² = १ येईपर्यंत प्रत्येक पायरीला कोणती संख्या निवडली आणि का, ते समासात लिहीत जावे.